वास येतोय, पण कुठून?

‘इव्हॅपोरेटिव्ह एमिशन कंट्रोल सिस्टिमची सुबक आकृती काढून कार्य स्पष्ट करा.’ आठ मार्कांचा हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी सोडवलाय. एक टाकी काढायची, तिच्यातून एक नळी कोळशाच्या डब्याकडे, डब्यातून दुसरी नळी इंजिनाकडे, मध्ये एक व्हॉल्व्ह, चार बाण, की झालं! सहा-सात मार्क कुठे जात नाहीत. पण ही सिस्टिम खऱ्या गाडीत कुठे बसवलेली असते, आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तर ते शोधायचं कसं, हे आपल्याला कोणी विचारत नाही. पेपरात नाही, ओरलला नाही आणि कॅम्पस इंटरव्ह्यूत तर नाहीच नाही.

बरं, आपल्याला कोणी विचारत नाही ते एक वेळ सोडून देऊ. पण ज्यांना हा प्रश्न रोज विचारला जातो, त्या गॅरेजवाल्यांना आपण त्याच्या उत्तराचे पैसे देत नाही. माझं भांडण आहे ते इथे. आपल्याकडे पार्ट बदलण्याला भाव आहे, दोष शोधण्याला नाही. आणि पेट्रोलच्या वाफेची बारीक गळती हा असा आजार आहे, की ज्यात शोधण्याचं काम शंभर टक्के आणि बदलण्याचं काम जवळजवळ शून्य!

आधी दुखणं काय ते बघू. टाकीतलं पेट्रोल गाडी उभी असतानाही उडत असतं. पुस्तकातला जुना हिशेब बऱ्याच जणांना पाठ असेल : कसलंही नियंत्रण नसलेल्या गाडीतून जे हायड्रोकार्बन बाहेर पडतात, त्यातले साधारण ६० टक्के सायलेन्सरमधून, २० टक्के क्रँककेसमधून आणि उरलेले २० टक्के टाकी-कार्ब्युरेटरमधून नुसत्या वाफेने. म्हणजे पाचातला एक भाग गाडी न चालवताच हवेत! लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेमागे हे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर उन्हाची होणारी प्रक्रिया आहे, हे १९५० च्या सुमारास हागन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. गंमत म्हणजे हा माणूस त्याआधी अननसाच्या वासावर संशोधन करत होता. (नाक कामाला येतं ते असं!) पुढे कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून गाड्यांना ही वाफ अडवायची सक्ती केली आणि तेव्हापासून कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, गाडीत आला.

काम साधं आहे. टाकीतली वाफ कॅनिस्टरमध्ये जाते, तिथला सच्छिद्र कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन चालू झालं, गरम झालं, की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाच्या ओढीने कॅनिस्टरमधून ताजी हवा जाते आणि कोळशात अडकलेली वाफ सोबत घेऊन सिलिंडरमध्ये जळते. इंजिन बंद असताना पर्ज व्हॉल्व्ह बंद. तेव्हा बाहेरच्या हवेशी संबंध फक्त कॅनिस्टरच्या व्हेंटमधून, तोही कोळशातून गाळूनच. म्हणजे चांगल्या गाडीजवळ उभं राहिलं तर पेट्रोलचा वास यायलाच नको. येत असेल तर वाफेला कोळसा चुकवून जायला कुठेतरी चोरवाट मिळाली आहे.

आता आमचं परतूर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर. दुपारी अंगणात उभ्या गाडीची टाकी अक्षरशः शेगडीवर ठेवल्यासारखी तापते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मागच्या चाकाच्या कमानीत थापला जातो, वाळून दगड होतो आणि नेमकी तिथूनच पेट्रोल भरायची नळी टाकीकडे जाते. कापसाचे दिवस आले की उंदीर. त्यात भर इथेनॉलची. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नुसतं इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडतं, पण दहा-वीस टक्के मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षा वाढतो. शिवाय जुन्या रबरातून ते जास्त झिरपतं. २० टक्क्यांना चालेल असं मटेरियल वापरायची सुरुवात एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत झाली, आणि आमच्या तालुक्यात फिरणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच त्याआधीच्या. ऊस आपल्याच मराठवाड्यातला आहे, त्यामुळे मी इथेनॉलच्या विरोधात वगैरे नाही. पण रबराच्या नळ्यांची उमर आता जास्त बारकाईने बघायला हवी, एवढं खरं.

माझ्या काकांची २०१८ ची पेट्रोल गाडी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला वास सुटला. सकाळी नाही, रात्री नाही, दुपारी. काकूंनी जाहीर केलं की गाडी शटरच्या आत लावायची नाही. काका गाडी घेऊन शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे स्कॅनर लावला, एकही कोड नाही. ‘सर, गाडी ओके आहे.’ पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी कॅनिस्टर बदलला. बिल अकरा हजारांच्या वर. वास गेला... आणि आठवड्याने परत आला! मग पुढचं एस्टिमेट निघालं, टाकीतल्या पंपाच्या पूर्ण असेंब्लीचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

शेवटी काका परतूरच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेले. मी सोबत होतो. मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी तीन प्रश्न विचारले. वास कधी येतो? पुढून येतो का मागून? आणि टाकी फुल असताना जास्त येतो का कमी? काकांनी आठवून आठवून सांगितलं : दुपारी, मागून, आणि हो, फुल केल्यावर जास्त. बस्स! अर्धं निदान इथेच झालं. पुढून येत असता तर इंजिनाजवळचा पर्ज पाइप बघायचा. टाकी भरलेली असताना वास वाढतो, म्हणजे भोक टाकीच्या वरच्या अंगाला : झाकण, भरायची नळी, तिच्या शेजारची हवा जायची बारीक नळी, किंवा मागच्या सीटखाली पंपाच्या तोंडावरचं रबरी सील. कॅनिस्टर बदलल्यावर वास का ‘गेला’ होता तेही उलगडलं. तेव्हा टाकी पाव भरलेली होती, एवढंच. आठवड्याने काकांनी ती फुल केली.

मग मिस्त्रींनी गाडी उन्हात लावली. कॅनिस्टरचं व्हेंट थोडा वेळ बंद केलं. मागचं चाक काढलं, कमानीतला चिखल खरवडला आणि कपडे धुण्याच्या साबणाचा फेस ब्रशने एकेका जॉइंटवर लावत गेले. पंक्चरवाला ट्यूबला लावतो तसा. टाकीत दाब भरायला पंप नाही, कॉम्प्रेसर नाही. परतूरचं ऊन टाकी फुगवतंय! क्लॅम्पच्या अलीकडे, नळीच्या वरच्या बाजूला, एक फुगा आला. फुटला. पुन्हा आला. उंदराच्या दाताची खूण होती, आणि वरच्या बाजूला असल्यामुळे तिथून थेंब कधी पडलाच नाही, नुसती वाफ जात होती.

नळीचा तुकडा आणि दोन क्लॅम्प, एकशे ऐंशी रुपये. वेळ गेला तीन तास. काकांनी अडीचशे दिले आणि वर म्हणाले, ‘मिस्त्री, बदललं तर काहीच नाही, मग सत्तर कशाचे?’

माझे काका कंजूष नाहीत हो. अकरा हजारांचं बिल त्यांनी एका शब्दाने न बोलता भरलं, कारण त्यावर पार्ट नंबर छापलेला होता. हातात जुना कॅनिस्टर मिळाला, नवा दिसला, जीएसटी लागला. म्हणजे काहीतरी ‘झालं’. मिस्त्रींच्या तीन प्रश्नांना पार्ट नंबर नव्हता. मिस्त्री हसून म्हणाले, ‘पुढच्या टायमाला मीबी पंपच बदलून देतो, तुमाला बरं, मलाबी बरं.’ सगळे हसले. मला मात्र ते वाक्य काही चांगलं वाटलं नाही. कारण उद्या ते खरंच तसं करू लागले तर दोष कोणाचा? ज्याला शोधता येतं त्याला आपणच शिकवतोय की बाबा रे, शोधू नकोस, बदल.

मोठ्या वर्कशॉपची बाजूही सांगायला हवी. तिथल्या पोराला तासाला अमुक गाड्या काढायच्या असतात. त्याच्याकडे कोड नाही, कोड नसेल तर फ्लोचार्ट नाही. आणि कोड का नव्हता? आपल्यातले पुष्कळजण ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर खिशात घेऊन फिरतात आणि समजतात की गाडी आता स्वतःच बोलेल. अमेरिकेत बोलते. तिथे १९९६ पासून गाडीच्या कॉम्प्युटरला टाकीच्या यंत्रणेतली गळती शोधायची सक्ती आहे. आधी एक मिलिमीटरचं भोक, मग २००० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने अर्ध्या मिलिमीटरचं. तिकडचे पी०४४२ आणि पी०४५६ हे कोड त्यातलेच, बारीक गळती आणि अति बारीक गळती. आपण घेतला तो युरोपचा रस्ता. बीएस चारच्या काळातल्या गाड्यांत पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली आहे का एवढं कॉम्प्युटरने बघितलं तरी नियमाला पुरे होतं. नळीला भोक असलं तरी दिवा लागत नाही. आपल्याकडे नवीन मॉडेल पास करताना ते बंद खोलीत ठेवून एकूण वाफ मोजतात, मर्यादा एका टेस्टला दोन ग्रॅम. पुण्याच्या एआरएआयमध्ये अशी खोली आहे. पण ती परीक्षा नव्या गाडीची. सात वर्षं चिखल खाल्लेल्या गाडीला ती द्यावी लागत नाही. पीयूसीवाला तर फक्त सायलेन्सरमध्ये नळी घालतो. काकांच्या गाडीची पीयूसी त्या सगळ्या काळात एकदम व्हॅलिड होती!

म्हणजे परतूरमध्ये ही गळती पकडायला कायदा नाही, दिवा नाही, स्कॅनर नाही. आहे तो फक्त शोधणारा माणूस. आणि त्याला सत्तर रुपये जड झाले.

‘जरासा वास आला तर काय बिघडलं?’ असं म्हणणारे भेटतील. पेट्रोल किती वाया जातं म्हणाल तर फार नाही, त्या हिशेबाने कोणी घाबरणार नाही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते, ती उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. हवेत साधारण १.४ टक्के झाली की पेट घेऊ शकते. उघड्या अंगणात एवढी साठणार नाही. मात्र आमच्याकडे गाडी लावायची जागा म्हणजे शटरची खोली, त्याच खोलीत पाण्याची मोटर, तिचं ठिणगी टाकणारं बटण, आणि शेजारच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. बीएस सहाच्या पेट्रोलमध्ये त्याला एक टक्क्याची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा घालावी लागली कारण बेंझिनने कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. काकूंनी गाडी बाहेर काढली ती कुठलंही पुस्तक न वाचता, आणि त्यांचं बरोबर होतं.

आता आपण, म्हणजे इंजिनिअर होऊ घातलेली मंडळी, यात काय करू शकतो? मिस्त्रींची युक्ती नामी आहे, पण ती ‘कुठे’ हे सांगते. ‘गळती आहे का नाही’ आणि ‘दुरुस्तीनंतर खरंच थांबली का’ हे सांगायला माप लागतं. स्मोक मशीन नावाचं यंत्र मिळतं. ते खनिज तेलाचा पांढरा धूर अगदी कमी दाबाने नळ्यांत सोडतं आणि भोकातून धूर येताना टॉर्चमध्ये दिसतो. चांगल्या यंत्रात धुरासोबत हवेऐवजी नायट्रोजन देतात, म्हणजे टाकीत स्फोटक मिश्रण व्हायला नको. हे यंत्र तालुक्याच्या गॅरेजला परवडणारं नाही. पण दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण जो यू-ट्यूब मॅनोमीटर हाताळून टर्मवर्क पूर्ण केलं, तो आठवतो का? पारदर्शक नळी, पाटीवर दोन खिळे, रंगीत पाणी आणि एक पट्टी. झाला तयार!

दाब भरायला बीपीच्या मशीनचा रबरी फुगा बास आहे. अर्धी भरलेली ३५ लिटरची टाकी धरली तर वाफेची जागा १७-१८ लिटर. तिच्यात २५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब आणायला वातावरणाच्या अडीच टक्के हवा जास्त घालायची, म्हणजे अर्धा लिटरही नाही. फुगा दहा-पंधरा वेळा दाबायचा. इंजिन बंद आणि थंड. कॅनिस्टरचं व्हेंट बंद करायचं, इंजिनाकडे जाणारा पाइप कॅनिस्टरजवळ सोडवून तिथे टी जोडायची, एका टोकाला फुगा, दुसऱ्याला मॅनोमीटर. पाणी स्थिर राहिलं तर यंत्रणा धड. हळूहळू उतरलं तर गळती आहे. काही गाड्यांत टाकी आणि कॅनिस्टर यांच्या मध्ये दुतर्फा व्हॉल्व्ह असतो, तिथे टाकीकडचा भाग वेगळा तपासावा लागेल. पर्ज व्हॉल्व्ह या जोडणीत येत नाही, तो स्वतंत्र बघायचा : थंड इंजिन आयडलवर असताना व्हॉल्व्हच्या कॅनिस्टरकडच्या तोंडावर बोट ठेवायचं, ओढ लागली तर तो पूर्ण मिटत नाहीये. (पेट्रोल भरून निघालं की गाडी लवकर स्टार्ट होत नाही, ही याचीच खूण.)

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. ही मापणी सावलीत आणि भल्या सकाळी. टाकी बंद असताना वाफेचं तापमान फक्त एक अंशाने वाढलं तरी नुसत्या वायूच्या नियमाने दाब सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर पाण्याने वाढतो, पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो तो वेगळाच. म्हणजे उन्हात मापलं तर गळती असूनही पाणी वर चढेल आणि तुम्ही खुशाल ‘ओके’ लिहाल! भोक हुडकायला ऊन मदतीला येतं, पण माप घ्यायच्या वेळी तेच दगा देतं. हा आठ मार्कांच्या उत्तरात न मावणारा मुद्दा आहे.

आणि काय करायचं नाही तेही सांगतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर टाकीला अजिबात लावायचा नाही. टायरच्या दाबापुढे टाकी टिकत नाही, ती फुगते, नाहीतर फाटते. धूर बघायला उदबत्ती किंवा विडी पेटवायची नाही. हसू नका, हे सुचवणारे महाभाग मी पाहिलेत. काम उघड्यावर, बॅटरीची वायर काढून, आग विझवायचं साधन शेजारी ठेवून. ‘वास येतो ना, मग कॅनिस्टरच काढून टाकू’ हा सल्लाही ऐकायचा नाही. बीएस चारपासून मोटारसायकललाही कॅनिस्टर आलाय आणि तो ‘बिनकामाचा डबा’ म्हणून काढून फेकणारी दुकानं आहेत. आणि पंपावर कट-ऑफ झाल्यावर ‘भर अजून, राउंड फिगर कर’ म्हणणं सोडा. टाकीच्या वरची मोकळी जागा वाफेसाठी असते. ती भरली की पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळशाची पार वाट लागते. मग मात्र कॅनिस्टर खरोखरच बदलावा लागतो.

मला दोन गोष्टी व्हाव्याशा वाटतात. एक, आपल्या ऑटोमोबाइलच्या लॅबमध्ये जे कापलेलं, रंगवलेलं इंजिन उभं आहे, त्याच्या शेजारी एक जुनी टाकी, नळ्या आणि कॅनिस्टर असा सांगाडा मांडावा. पेट्रोल न भरता, नुसत्या हवेवर. सरांनी त्याला कुठेतरी अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून ठेवावं आणि ओरलला विचारावं, शोध. दुसरी गोष्ट गॅरेजच्या बिलाची. त्यावर ‘तपासणी’ असा वेगळा रकाना हवा, काही बदललं नाही तरी भरायचा. डॉक्टरने ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगितलं तरी आपण त्याची फी देतोच ना? मिस्त्रींना मी हे सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, ‘तुमचे काका भरतील का?’ काका तिथेच होते. त्यांनी विषय बदलला.

दिवाळीच्या सुट्टीत मी परतूरलाच आहे. मंठा, घनसावंगी, अंबडकडची कोणी मंडळी असतील आणि घरच्या गाडीला वास येत असेल, तर सकाळी सातच्या आत गाडी घेऊन या, टाकी अर्धी ठेवून. मॅनोमीटर मी आणतो. बीपीच्या मशीनचा फुगा तेवढा तुम्ही बघा. आमच्या घरचा मागायला गेलो तर आजीने नाही म्हणून सांगितलंय.